खरखरीतले वर्तमान

सोलापुरातील भवानी पेठेत ज्यांचे बालपण गेले, त्यांना यंत्रमागांचा खडखडाट श्वासोच्छ्वासाइतका अंगवळणी पडलेला असतो. तो चालू असेतोवर ऐकू येत नाही, आणि थांबला की गाढ झोपलेला मनुष्यही दचकून जागा होतो. आमच्या घरी चार सेलांचा एक ट्रान्झिस्टर होता. त्यावर संध्याकाळी पुणे केंद्र लावले की शेजारच्या कारखान्यातील स्टार्टरची ठिणगी पडताच बातम्यांच्या ऐन मध्यावर कडकड उमटे. वडील वैतागत, आई मात्र भाकरी थापता थापता सांगे, की कोपऱ्यावरच्या मागवाल्याचे दोन माग सुरू झाले, म्हणजे त्याला आज सूत मिळालेले दिसते. भारनियमनाच्या दिवशी माग बंद पडत आणि रेडिओ आरशासारखा स्वच्छ लागे. त्या दिवशी वडील प्रसन्न असत, आणि आईला मात्र पेठेची काही खबर मिळत नसे.

राष्ट्राच्या संरक्षणासाठी रेडिओ-लहरींचे आणि क्वांटम, म्हणजे पुंजविज्ञानावर आधारलेले, जे संवेदक आज सिद्ध होत आहेत त्यांच्याविषयी वाचताना मला ही गोष्ट वारंवार आठवते. कोणताही संवेदक घ्या, त्याच्यापुढचा पहिला प्रश्न खरखर कशाला म्हणावे आणि वर्तमान कशाला, हाच असतो.

रडार आता आमच्या गावालाही नवखे नाही. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संस्थेने सोलापूर परिसरातील ढगांवर प्रयोग केले, तेव्हा सुमारे पाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडणारे रडार येथील आकाश न्याहाळीत होते. रडार हाक मारते आणि प्रतिध्वनीची वाट पाहते; परंतु अंतर दुप्पट झाले की परत येणारी शक्ती सोळावा हिस्सा उरते, आणि शिवाय हाक मारणाऱ्याचा ठावठिकाणा शत्रूलाही कळतो. म्हणून लष्करी व्यवहारात न बोलता ऐकणाऱ्या यंत्रांची किंमत मोठी. असे ऐकणे किती सूक्ष्म असू शकते हे पाहायचे असेल, तर युद्धाशी काडीचाही संबंध नसलेल्या, जुन्नर तालुक्यातील खोडद येथील दुर्बिणीकडे पाहावे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांच्या या दुर्बिणीने 19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपीय ‘शियापरेली’ यानाचा क्षीण संदेश टिपला. आणि उतरण्यास थोडा अवकाश असताना तो अकस्मात थांबला, तेव्हा ती शांतताच त्या यानाच्या नाशाची पहिली वार्ता ठरली.

चुंबकीय संवेदकांची आपल्याकडील कथा याहून जुनी व माझ्या मते अधिक रसाळ आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. सप्टेंबर 1859 मधील सूर्यजन्य महावादळाने तेथील सूचीला जो हिसका दिला, त्याचा दाखला जगभरचे शास्त्रज्ञ आजही देतात. पुढे सरकारने मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरविले. कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे पेच पडला, कारण रुळांतून वाहणारा प्रवाह त्यांच्या दफ्तरातील साठ वर्षांची अखंड नोंद बिघडविणार होता. ट्राम थांबविणे त्यांच्या हाती नव्हते. तेव्हा 1904 मध्ये वेधशाळाच समुद्रापलीकडे अलिबागला नेण्यात आली, तिच्या बांधकामात लोखंड वर्ज्य करून चुंबकत्वहीन पोरबंदरी दगड वापरला, आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणी समांतर वाचने घेऊन नव्या वहीचा जुन्या वहीशी सांधा जुळविला. विजेची पहिली ट्राम मुंबईत 1907 साली धावली. म्हणजे सरकारच्या आधी शास्त्रज्ञच तयार होते, ही आपल्याकडील विरळाच घटना!

त्या काळी सूची दोऱ्याला टांगलेली असे. 1950 च्या दशकात आलेले प्रोटॉन-चुंबकमापक पाहून मात्र रॉकेलच्या दुकानदारालाही नवल वाटावे. बाटलीभर रॉकेल किंवा साधे पाणी, आणि तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. वेटोळ्यातून प्रवाह सोडून तो एकदम तोडला, की आतील हायड्रोजनची अणुकेंद्रे भोवऱ्यासारखी डुलू लागतात. त्यांच्या डुलण्याची गती केवळ सभोवारच्या चुंबकक्षेत्रावर अवलंबून असते, आणि आपल्या प्रदेशातील चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या आसपासच्या क्षेत्रात ती सेकंदाला सुमारे सतराशे आवर्तने भरते. ध्वनिवर्धक जोडला तर ही शीळ माणसाच्या कानाला चक्क ऐकू येते. या शिळेचा सूर कोणा कारागिराने लावलेला नसून निसर्गाने कायमचा मुकर्रर केलेला असतो, आणि क्वांटम संवेदकांचे सारे सामर्थ्य याच बाबीत आहे.

आता नौदलाकडे वळू. पाणबुडी म्हणजे पोलादाचा अजस्र गोळा. तिच्यामुळे पृथ्वीच्या क्षेत्राला किंचित मुरड पडते, आणि ती हुडकण्यासाठी गोव्याच्या ‘आयएनएस हंसा’ तळावरूनही उडणाऱ्या पी-8आय विमानाच्या शेपटीपलीकडे, विमानाच्या स्वतःच्या लोखंडापासून होईल तितके दूर, चुंबकमापक बसविलेले असते. अंतर दुप्पट झाले की ही मुरड आठव्या हिश्श्यावर येते, म्हणून विमानाला पाण्याला चिकटून उडावे लागते. मूस यांना जे लोखंड नकोसे होते तेच येथे शोधायचे. आणि त्यांना जी सूर्यवादळे हवी होती ती येथे निव्वळ खरखर!

संवेदक अधिक तीक्ष्ण करण्याचे काम हिऱ्यावर चालले आहे. हिऱ्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आला आणि शेजारची जागा रिकामी राहिली, की त्या व्यंगावर हिरवा प्रकाश टाकताच तांबडा परततो, 2.87 गिगाहर्ट्झची रेडिओ-लहर त्याला भेटली की तो मंदावतो, आणि चुंबकक्षेत्र बदलले की ही वारंवारता सरकते. जवाहिरा ज्याला दोष म्हणेल, त्याच्याच शोधात शास्त्रज्ञ असतात. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये मंजूर केलेल्या 6003 कोटींहून अधिक खर्चाच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत संवेदनाचे केंद्र पवईच्या आयआयटीकडे आले आहे, आणि तेथे अशा हिऱ्यांवर संशोधन होते. संरक्षण संशोधन संस्थेची क्वांटम तंत्रज्ञानाची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा पुण्यात आहे, आणि मे 2025 मध्ये त्याच संस्थेने दिल्लीत उघडलेल्या केंद्रात अणुघड्याळे व अणु-चुंबकमापके यांवर भर आहे.

प्रयोगशाळेतील शांत मेजावरून हा हिरा थरथरत्या विमानात जाईल, तेव्हा इंजिनाची प्रत्येक तार आणि वैमानिकाच्या पट्ट्याचे बक्कलसुद्धा त्याला हाका मारू लागेल. त्या सर्वांची वजाबाकी करण्याचे गणित यंत्र घडविण्याइतकेच जिकिरीचे आहे. रॉकेलची ती बाटली आमच्या गल्लीत आणून ठेवली, तर पृथ्वीचे चुंबकत्व तिला क्वचितच सापडेल. मात्र कोणाच्या कारखान्यात कितीला वीज आली, कोणाची गाडी गठ्ठे भरायला दारात लागली, हे ती बिनचूक सांगेल. आईला त्यासाठी चार सेल पुरत.