डोळ्याची मापं कधी चुकतात?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी एक छोटी तपासणी होते. केस पेपरवर तिचं नाव ‘बायोमेट्री’ असं लिहिलेलं असतं. आधार कार्डासाठी अंगठा देतो, ती ही नव्हे. इथे डोळ्याची मापं घेतात. गढूळ झालेल्या भिंगाच्या जागी किती नंबरचं कृत्रिम भिंग बसवायचं, ते या मापांवरून ठरतं.

लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात हॅरोल्ड रिडली यांनी 1949 साली पहिल्यांदा असं भिंग बसवलं. ते प्रमाणाबाहेर ताकदीचं निघालं आणि त्या बाईंना ऑपरेशननंतर जवळपास उणे 18चा नंबर लागला.

मापं मुख्यतः दोन. एक, डोळ्याची समोरून मागच्या पडद्यापर्यंतची लांबी. ती साधारण 23.5 मिलिमीटर असते. दुसरं, पारपटलाचा बाक. पारपटल म्हणजे डोळ्याची सर्वांत पुढची पारदर्शक काच.

एसआरके नावाचं जुनं सूत्र पाहिलं की या मापांचं वजन कळतं. भिंगाच्या जातीचा एक ठरलेला आकडा घ्यायचा, त्यातून लांबीची अडीचपट आणि बाकाची 0.9 पट वजा करायची. ठरलेला आकडा 118.4, लांबी 23.5 आणि बाक 43.5 असेल, तर भिंग 20.5चं येतं. आता लांबी 1 मिलिमीटरने चुकली, तर भिंगाचा नंबर अडीचने चुकला! आजची सूत्रं याहून बारकाईची आहेत, पण मापच चुकीचं दिलं तर तीही काय करणार?

पूर्वी लांबी ध्वनिलहरींनी मोजत. डोळा बधिर करून त्यावर कांडी टेकवायची. कांडी किंचित दाबली गेली की डोळा प्रत्यक्षाहून आखूड भरे. 1999च्या सुमारास न टेकवता प्रकाशाने मोजणारी यंत्रं दवाखान्यांत येऊ लागली. ती डोळ्याला न जाणवणारा अवरक्त प्रकाश आत सोडतात आणि मागच्या पडद्यावरून परतलेल्या प्रकाशावरून अंतर काढतात.

हे माप भरवशाचं किती? निरोगी डोळ्यात लांबी पुन्हा पुन्हा मोजली, तरी फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचाच पडतो. मोतीबिंदूच्या डोळ्यातही माप मिळालं, तर ते बहुधा तितकंच स्थिर असतं. अडचण येते ती माप मिळण्यातच. भिंग तपकिरी होऊन घट्ट झालं असेल किंवा भिंगाच्या मागच्या बाजूला दाट डाग असेल, तर प्रकाश विखुरतो आणि यंत्र हात टेकतं. ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू’ हा आपल्याकडचा जुना सल्ला इथे नडतो. नवी यंत्रं पुष्कळशा दाट मोतीबिंदूंतूनही माप काढतात. जिथे तीही थकतात, तिथे पुन्हा ध्वनिलहरी.

गंमत म्हणजे, एका मापात तरुण निरोगी डोळाच जास्त चंचल. जवळ-दूर पाहताना त्याचं भिंग आकार बदलतं, म्हणून पारपटल ते भिंग हे अंतरही हलतं. मोतीबिंदूच्या वयात ही लवचिकता बहुतेक उरलेली नसते.

सगळ्यात जास्त दगा देतो तो बाक. यंत्र खरं तर पारपटलावरच्या अश्रूंच्या थरातलं प्रतिबिंब वाचतं. उतारवयात डोळे कोरडे पडतात, थर तुटतो आणि दर वेळी आकडा वेगळा येतो. आडव्या-उभ्या नंबरचं, म्हणजे सिलिंडरचं भिंग घ्यायचं असेल, तर ही चूक महागात पडते. मोजण्याआधी दोन-तीनदा सावकाश पापण्या मिटाव्यात. डोळ्याचा दाब तपासणं किंवा बधिर करणारे थेंब घालणं या मोजणीच्या नंतरच व्हावं.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर आधीच सांगा. लेन्सने पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त दिवस बंद ठेवायला सांगतात. पूर्वी चष्मा घालवण्यासाठी लेझर केलं असेल, तेही सांगाच, कारण नेहमीचा हिशोब तिथे लागू पडत नाही. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात सिलिकॉन तेल भरलेलं असेल, तर यंत्रावर त्याची वेगळी नोंद करावी लागते. ही गोष्ट रुग्णांकडून हमखास सांगायची राहते.

मोजताना हनुवटी आणि कपाळ घट्ट टेकवा आणि समोरच्या ठिपक्याकडेच बघा. नजर बाजूला गेली, की लांबी भलत्याच जागेची मोजली जाते. ठिपका दिसत नसेल तर तसं स्पष्ट बोला, संकोच नको.

वाचनं एकमेकांशी जुळली म्हणजे ती बरोबरच, असं मात्र नाही. रोज 200 ग्रॅम जास्त दाखवणारा वजनकाटाही रोज एकच आकडा दाखवतो. म्हणून दोन्ही डोळ्यांची तुलना करतात. लांबीत 0.3 मिलिमीटरहून किंवा बाकात एकाहून जास्त फरक दिसला, तर पुन्हा मोजतात. कधी तो फरक जन्मापासूनचा, खराच असतो. मोतीबिंदू होण्याआधीचा चष्म्याचा जुना कागद असेल तर तो सोबत न्या. तेव्हाही दोन डोळ्यांच्या नंबरांत तसाच फरक असेल, तर डॉक्टरांची शंका तिथेच फिटते.