पकड सैल, म्हणूनच नेमकी

ग्लुकोकायनेज हे विकर एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूतला एक फॉस्फेट गट ग्लुकोजच्या रेणूवर चढवते. त्याला चालना देणाऱ्या डॉर्झाग्लियाटिन या मधुमेहाच्या औषधाला चीनने २०२२ मध्ये मान्यता दिली आणि विकराचे नाव बातम्यांत आले. मात्र अशी चालना किती द्यावी, हा प्रश्न विकराची घडण पाहिल्याशिवाय उलगडत नाही.

फॉस्फेट चढवण्याचे काम शरीरातली इतर हेक्झोकायनेजेही करतात. त्यांची ग्लुकोजवरची पकड घट्ट असते. रक्तातली साखर ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असो वा १८०, त्यांच्या वेगात फरक पडत नाही. तयार झालेले ग्लुकोज-६-फॉस्फेट साचले, की तेच त्यांना रोखते. ग्लुकोकायनेजला हा अडसर जाणवत नाही आणि त्याची पकडही सैल असते. साखर १४५ च्या आसपास पोचते तेव्हा कुठे ते निम्म्या वेगाने चालते. ९० ला त्याचा वेग कमाल वेगाच्या जेमतेम एक तृतीयांश असतो, १८० ला साठ टक्क्यांच्या घरात जातो. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी याच चढउतारावरून किती इन्शुलिन सोडायचे ते ठरवतात. संशोधक फ्रान्झ माचिन्स्की यांनी ही ‘ग्लुकोज-संवेदका’ची कल्पना अनेक दशके लावून धरली.

हे विकर म्हणजे ४६५ अमिनो आम्लांची एकच साखळी. तिचा एक भाग मोठा, एक छोटा आणि दोहोंमध्ये खाच. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्फटिकरचनांत दिसले, की ग्लुकोज नसताना छोटा भाग पार दूर गेलेला असतो आणि ग्लुकोज बसले की तो सुमारे ९९ अंशांनी फिरून खाच मिटवतो. यीस्टच्या हेक्झोकायनेजमध्ये हीच हालचाल अवघी १२ अंशांची आहे. खाच मिटल्यावर २०५ व्या स्थानावरचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाचा प्रोटॉन ओढून घेते आणि मोकळा झालेला ऑक्सिजन एटीपीच्या टोकाच्या फॉस्फेटला जाऊन भिडतो.

खरी नवलाई पुढे आहे. हिमोग्लोबिनचा ऑक्सिजनला मिळणारा प्रतिसाद इंग्रजी एस अक्षरासारखा वळणदार असतो, कारण त्याचे चार घटक एकमेकांवर परिणाम करतात. ग्लुकोकायनेज एकटे, ग्लुकोजसाठी त्यात जागाही एकच. तरी त्याचा आलेख तसाच वळतो. याचे कारण त्याच्या संथपणात आहे. काम संपल्यावर विकर लगेच पूर्ण उघडत नाही. साखर भरपूर असेल तर ते सैलावण्याआधीच पुढचा रेणू येतो आणि फेरा वेगाने चालू राहतो. साखर कमी असेल तर ते पूर्ण उघडते, मग पुन्हा मिटायला वेळ लागतो.

यकृतात आणखी एक नियंत्रण आहे. उपाशी अवस्थेत तिथले एक नियामक प्रथिन नेमके हे पूर्ण उघडलेले रूप धरते आणि पेशीकेंद्रकात अडकवून ठेवते. फ्रुक्टोज-६-फॉस्फेटमुळे हा विळखा आवळतो, फ्रुक्टोज-१-फॉस्फेटमुळे सुटतो. हे दुसरे संयुग फ्रुक्टोजपासून बनते, म्हणून फळातले थोडेसे फ्रुक्टोजही यकृताला ग्लुकोज घ्यायला तयार करते.

जनुकात बिघाड होऊन विकर दुबळे झाले, तर मोडी-२ हा सौम्य मधुमेह होतो. त्यात उपाशीपोटीची साखर जन्मापासून किंचित चढी राहते आणि गर्भारपण सोडले तर सहसा औषध लागत नाही. याउलट, विकर जास्त सक्रिय करणारी उत्परिवर्तने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवतात. त्यांतली अनेक खाचेपासून सुमारे दोन नॅनोमीटर दूर असलेल्या एका कप्प्याभोवती आढळतात. विकराला चालना देणारी औषधेही याच कप्प्यात बसतात आणि मिटलेल्या रूपाला टेकू देतात. असा पहिला रेणू रोश कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये जाहीर केला.

इथे उत्साहाला आवर हवा. पकड जितकी घट्ट, तितकी साखर मोजण्याची क्षमता बोथट. मर्क कंपनीच्या एमके-०९४१ ने सुरुवातीला साखर उतरवली, पण काही महिन्यांत परिणाम ओसरला. शिवाय रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढले आणि साखर घसरण्याचे प्रसंगही आले. डॉर्झाग्लियाटिनचा जोर त्या मानाने सौम्य आहे. आधी औषध न घेतलेल्या ४६३ रुग्णांच्या चाचणीत २४ आठवड्यांनी, काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी औषध घेणाऱ्यांत १.०७ टक्क्यांनी, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ०.५० टक्क्यांनी उतरले. म्हणजे औषधाच्या पदरात पडणारा खरा फरक अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक.