निंबाची सावली आणि रोजची चार युनिटे

मार्गशीर्षातील एका सकाळी मी यवतमाळहून दारव्ह्यास गेलो, त्याला निमित्त झाला एक कागद. तेथील एका निवृत्त शिक्षकांनी घराच्या छतावर सौर पॅनल बसविण्याची तजवीज चालविली होती आणि त्यासाठी इंटरनेटवरील तीन कॅल्क्युलेटर चाळले होते. पहिल्याने पाच किलोवॅट सांगितले, दुसऱ्याने दोन ते तीन, आणि तिसऱ्याने उत्तर देण्याऐवजी उलट प्रश्नच विचारले. हे सारे हजेरीपटासारख्या सुबक रकान्यांत लिहून त्यांनी मजकडे पाठविले होते, आणि आयुष्यभर मुलांना गणिताचे उत्तर एकच असते असे शिकविलेल्या त्या हाताने शेवटी काढलेले प्रश्नचिन्ह काही केल्या माझ्या मनातून जाईना.

पहिला कॅल्क्युलेटर एका विक्रेत्याचा. त्याला हवे होते एका महिन्याचे बिल आणि मोबाईल क्रमांक. गुरुजींनी हाताशी होते ते मे महिन्याचे, दोन्ही कूलर अहोरात्र चाललेले बिल भरले, आणि उत्तरापाठोपाठ फोनांचा तगादाही सुरू झाला. आमच्याकडच्या मे महिन्यावरून वर्षाची गरज ठरविणे म्हणजे पुराच्या दिवशी नदीची रुंदी मोजणे होय. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापरही छापलेला असतो. तो आम्ही एकाखाली एक मांडला तेव्हा सरासरी २३० युनिटांवर आली.

दुसरा हिशेब फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचा. महिन्याला १५० ते ३०० युनिटे वापरणाऱ्या घरास दोन ते तीन किलोवॅट, असा तिचा सरळ तक्ता आहे. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,०००, आणि ७८,००० च्या पुढे ते वाढत नाही. पाच किलोवॅट सुचविणाऱ्याने नेमकी हीच बाब सांगितली नव्हती.

तिसरा, पीव्हीवॉट्स नावाचा, अमेरिकेतील कोलोराडोच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने तयार केलेला. तो ठिकाण विचारतो, पॅनलचा कल आणि दिशा विचारतो, आणि उत्पादनातील एकूण घट चौदा टक्के धरून तिचा तपशीलही उघड मांडतो: धुळीचे दोन टक्के, सावलीचे तीन, बर्फाचे शून्य. बर्फाचा रकाना आपल्या काय कामाचा, असे गुरुजींना वाटले. परंतु मला त्या रकान्यामुळेच या साधनाविषयी आदर वाटला, कारण ज्याने सर्व शक्यता विचारात घेतल्या त्यालाच आपल्या कापसाच्या मुलखातील उन्हाळी धूळ दोन टक्क्यांहून अधिक आहे, असे सांगून आकडा बदलता येतो.

तोपर्यंत पॅनल बसविणारा तरुण आला. त्याच्या मुखी एकच आकडा होता: “एका किलोवॅटले रोजची चार युनिटं, गुरुजी.” पीव्हीवॉट्सचा वर्षाचा हिशेब तीनशे पासष्टांनी भागला तरी फिरून तीच चार युनिटे येत होती. म्हणजे दोन किलोवॅटना महिन्याची २४० युनिटे, आणि गुरुजींची गरज २३०.

पण तो तरुण कागदाजवळ थांबला नाही. छतावर जाऊन त्याने खिशातून खडू काढला आणि निंबाच्या सावलीची कड जेथे पडली होती तेथे रेघ ओढून वर ‘९’ लिहिले. बारा वाजता दुसरी, तीन वाजता तिसरी. दिवसभर मी त्याच्याबरोबर चढउतार केली. या अक्षांशावर डिसेंबरातील मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे अवघ्या ४६ अंशांवर असतो, त्यामुळे झाड छताच्या वर जितके उंच, जवळजवळ तितकीच लांब त्याची सावली. उलट जूनमध्ये तोच सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेस जातो आणि सावली आखडते. ओळीने जोडलेल्या पॅनलांपैकी एक जरी सावलीत आले तरी ओळीचे उत्पादन खालावते, आणि तीनच्या रेघेने नैर्ऋत्येकडून आत शिरून छताचा तिसरा हिस्सा व्यापला होता.

“बिलात निंब येत नाही, गुरुजी,” तो म्हणाला. ते वाक्य अजून माझ्या कानांत आहे.

निंब तोडावयाचा का, हा प्रश्न कोणी उच्चारलाच नाही. तो गुरुजींच्या वडिलांनी लावलेला. त्या सावलीचे मोल मी वेगळे काय सांगावे? पॅनलची क्षमता २५ अंश तापमानास मोजलेली असते, आणि त्यापुढे दर अंशामागे अदमासे ०.३५ टक्का घटते. वैशाखात काच साठ अंशांपलीकडे तापली म्हणजे भर उन्हातही बारा-तेरा टक्के हातचे जातात. त्याच दिवसांत निंबाखालची खोली मात्र राहण्याजोगी असते.

दर किलोवॅटला दहा चौरस मीटर मोकळी जागा लागते. खडूच्या रेघांच्या पूर्वेस त्याने फीत धरली. वीस चौरस मीटर सुखाने निघाले. गुरुजींनी चष्मा पुसला आणि आपल्या कागदावरील प्रश्नचिन्हाशेजारी दोनचा आकडा लिहिला.

उतरताना तो तरुण जिन्यात थबकला आणि म्हणाला, “सांचे बांधाले पोरं येतवर छत झाडू नका, रेघा पुसतीन.” गुरुजी पुन्हा वर गेले आणि तीनच्या रेघेवर त्यांनी एक वीट ठेवली.