आग विझवणारं ‘सीटीसी’ कामगाराच्या यकृतावर कसा घाला घालतं?

भांडुपमध्ये एलबीएस मार्गालगतच्या छोट्या गाळ्यांमध्ये सुट्या भागांवरचं ग्रीस काढणं हे रोजचं काम. अशा कामासाठी जगभर वापरलेलं एक द्रव्य एकेकाळी आग विझवण्याच्या पंपांमध्येही भरलं जायचं: कार्बन टेट्राक्लोराइड, म्हणजेच सीटीसी.

धोका नेमका काय?

सीटीसी पेट घेत नाही, त्याला गोडसर वास येतो. त्यामुळे ते निरुपद्रवी वाटतं. पण त्याची वाफ हवेपेक्षा पाचपट जड असते आणि बंद गाळ्यात खाली साचून राहते. ते त्वचेतूनही शरीरात जातं. आगीच्या उष्णतेत त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. म्हणूनच आग विझवण्यासाठी त्याचा वापर मागे पडला.

लक्षणं कशी ओळखायची?

आधी डोकेदुखी, चक्कर, मळमळ. मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतं. खरा फटका एक-दोन दिवसांनी बसतो. कावीळ होते, लघवी कमी होते. म्हणजे यकृत आणि मूत्रपिंडाला इजा झालेली असते. दारू पिणाऱ्यांना हा धोका कितीतरी जास्त.

बंदी आहे ना?

ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार भारताने सीटीसीचा असा वापर 2010 पर्यंत बंद केला. इतर रसायनं बनवण्यासाठी कच्चा माल म्हणून मात्र परवानगी आहे. ग्रीस काढण्यासाठी वापरलं जाणारं ट्रायक्लोरोइथिलीनही क्लोरीनयुक्तच आहे आणि ते कर्करोगकारक मानलं जातं.

मग काय करायचं?

- लेबल नसलेल्या कॅनमधलं द्रव वापरू नका. मालकाकडे त्याचं सुरक्षा माहितीपत्रक मागा.
- कापडी मास्क वाफ अडवत नाही. हवा खेळती ठेवा, रसायनाला टिकणारे हातमोजे घाला.
- भंगारात आलेला जुना अग्निशामक फोडू नका.
- कावीळ झाली तर डॉक्टरांना आपण काय काम करतो, हे आधी सांगा.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. विषामुळे होणारी कावीळ 1948 च्या कारखाने अधिनियमाने अधिसूचित रोगांच्या यादीत घातली. असा रुग्ण आढळला की डॉक्टरांनी कारखाने निरीक्षकांना कळवणं बंधनकारक केलं. पण कामाचा उल्लेखच झाला नाही, तर ती ‘बाहेरच्या पाण्याची कावीळ’ ठरते आणि रुग्ण बरा होऊन पुन्हा त्याच वाफेत उभा राहतो.