ग्रुपवर जीके क्विझ घ्यायची आहे? मग भांडणं कुठे होतात ते आधी बघा

आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर दर रविवारी रात्री नऊ वाजता जनरल नॉलेजची क्विझ असते. पंधरा-वीस जण खेळतात. बक्षीस काही नाही. हरणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा असा नियम आहे, पण तो चहा अजून कुणाच्या घशाखाली उतरलेला नाही.

मागे एकदा प्रश्न काढायची पाळी माझी होती. मी विचारलं, 'भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?' धडाधड उत्तरं आली, हॉकी, हॉकी, हॉकी. एका मैत्रिणीने मात्र लिहिलं, 'कोणताच नाही.' मी तिला शून्य दिला. ती म्हणाली, 'अरे, नीट बघ तरी.' मी म्हणालो, 'लहानपणापासून आपण हेच शिकलोय.' मग बाकीच्यांनी हसण्याच्या इमोजींचा पाऊस पाडला आणि दहा मिनिटांत ती ग्रुपमधून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी मी खरंच बघितलं. २०१२ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली हाच प्रश्न विचारला गेला होता आणि केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने उत्तर दिलं होतं की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही. म्हणजे मार्क तिचा होता आणि चूक ठरलो आम्ही सगळे. फोन करून माफी मागितली. तेव्हापासून क्विझमध्ये वाद नेमका कुठे होतो याकडे मी जरा बारकाईने बघायला लागलो. तर वाद तीनच गोष्टींवरून होतात: आधी कोण, गूगल कुणी केलं, आणि उत्तर बरोबर आहे का. पहिल्या दोन गोष्टी फोनच्या सेटिंगने बऱ्याच सुटतात.

'मीच आधी पाठवलं होतं!'

बहुतेक ग्रुपवर प्रश्न टाइप करून टाकतात आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याला गुण देतात. इथेच घोळ आहे. व्हॉट्सअॅपवर मेसेज पाठवला की आधी घड्याळाचं चिन्ह दिसतं आणि मेसेज सर्व्हरला पोचला की एक टिक येते. तुमच्या फोनवर मात्र तो मेसेज पाठवायचं बटण दाबल्याक्षणी आपल्या जागी जाऊन बसतो. त्यामुळे गावाकडे रेंजची एकच काडी असलेल्या मित्राला त्याच्या फोनवर स्वतःचं उत्तर पहिलं दिसतं आणि पुण्यात वायफायवर बसलेल्यांना ते चौथं दिसतं. दोघंही स्क्रीनशॉट टाकतात, आणि दोघंही खोटं बोलत नसतात!

दुसरी गंमत एडिटची. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. बदललेल्या मेसेजवर तशी खूण येते, पण घाईत गुण मोजताना तिच्याकडे कोण बघतं? आमच्याकडे आता साधा नियम आहे, एडिटची खूण दिसली की उत्तर बाद. स्पेलिंग सुधारलं असलं तरी बाद.

मग पोल टाकायचा का? व्हॉट्सअॅपचा पोल मुळात मत घेण्यासाठी आहे, परीक्षेसाठी नाही. सहलीला कुठे जायचं हे ठरवायला तो एकदम मस्त. क्विझला मात्र दोन अडचणी येतात. मत कितीही वेळा बदलता येतं, आणि आपण मत द्यायच्या आधीच बाकीच्यांनी काय निवडलंय ते दिसतं. पाच हुशार मुलांनी 'ब' दाबलं की सहावा डोळे मिटून 'ब' दाबतो.

टेलिग्रामवर याच कामासाठी जानेवारी २०२० पासून वेगळा क्विझ मोड आहे. ग्रुपमध्ये पिनच्या चिन्हावर जा, पोल निवडा, प्रश्न आणि पर्याय लिहा, खाली क्विझ मोड चालू करा आणि बरोबर पर्यायावर खूण करा. इथे एकदा उत्तर दिलं की बदलता येत नाही, आणि आपण उत्तर देईपर्यंत दुसऱ्यांचा कलही दिसत नाही. कुणी काय उत्तर दिलं ते नंतर बघायचं असेल तर 'अॅनॉनिमस' म्हणजे निनावी मतदान आधीच बंद करून ठेवा. बरेच जण हे विसरतात आणि मग गुण कुणाला द्यायचे तेच कळत नाही.

ग्रुपमध्ये अनोळखी मंडळी असतील तर अजून एक फरक लक्षात घ्या. व्हॉट्सअॅपच्या साध्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. टेलिग्राममध्ये प्रायव्हसीत जाऊन नंबर 'कुणालाच नाही' असा ठेवता येतो. मुलींनी तरी हे सेटिंग आधी करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गूगल करणाऱ्यांचं काय करायचं?

टेलिग्रामचाच एक क्विझबॉट आहे. त्यात दहा-वीस प्रश्न आधीच भरून ठेवायचे आणि प्रत्येक प्रश्नाला किती सेकंद ते ठरवायचं. मग क्विझ ग्रुपमध्ये सुरू केली की प्रश्न एकामागून एक आपोआप येतात. शेवटी कुणाची किती उत्तरं बरोबर आणि किती वेळात, याची यादीही तोच लावतो. वेळ दहा सेकंद ठेवला तर गूगल करायला फुरसत मिळत नाही, पण मराठीतला लांबलचक प्रश्न वाचूनही होत नाही. आमचं गणित पंधरावर बसलंय.

व्हिडिओ कॉलवर खेळत असाल तर काहूट बघा. २०१३ मध्ये नॉर्वेतून आलेली ही सेवा शाळा-कॉलेजांत बरीच वापरतात. तिथे वेगाला गुण कसे मिळतात ते समजून घेण्यासारखं आहे. एका प्रश्नाला जास्तीत जास्त १००० गुण. लगेच उत्तर दिलं तर पूर्ण, आणि अगदी शेवटच्या क्षणी दिलं तरी बरोबर उत्तराला साधारण निम्मे. म्हणजे वीस सेकंदांच्या प्रश्नाला चौथ्या सेकंदाला उत्तर दिलं तर ९००, दहाव्या सेकंदाला ७५०. शोधाशोध करून बरोबर आलेला माणूस आपोआप मागे पडतो. भांडायची गरजच नाही.

पण खरा उपाय सेटिंगमध्ये नसून प्रश्नात आहे. 'महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं?' हे गूगलला विचारायला तीन सेकंद पुरतात. त्याऐवजी असं विचारा: 'कळसूबाईची शिखरं एकावर एक रचली, तर एव्हरेस्टच्या वर जायला किती लागतील?' आता दोन उंची माहीत हव्यात आणि थोडा अंदाजही हवा. मी हा प्रश्न टाकला तेव्हा 'तीन'पासून 'बारा'पर्यंत सगळी उत्तरं आली आणि पुढचा अर्धा तास नुसती धमाल.

किंवा हा बघा: 'बटाटा, पाव, चावी, बादली. यांच्यात काय सारखं आहे?' स्वयंपाकघरातल्या वस्तू म्हणून लोक सोडून देतात. पण ज्याला पाव म्हटल्यावर गोवा आठवतो तो पोर्तुगीजांपर्यंत पोचतो. चारही शब्द त्या भाषेतून मराठीत आलेले आहेत. अशा प्रश्नात उत्तर माहीत नसलं तरी डोकं लढवून तिथवर जाता येतं, म्हणून हरलेल्यालाही मजा येते.

आणि उत्तरच चुकीचं असेल तर?

इथे कुठलंही अॅप मदतीला येत नाही. जीकेची उत्तरं शिळी होतात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३६ झाले, तरी जुन्या पुस्तकांचे फोटो टाकून ३५ म्हणणारे अजून भेटतात. सर्वांत जास्त चंद्र कोणत्या ग्रहाला, हा तर क्विझमास्तरचा जीव घेणारा प्रश्न. फेब्रुवारी २०२३ मध्ये नवे चंद्र जाहीर झाले आणि ९२ चंद्रांसह गुरू पहिला आला. मे महिन्यात शनीने त्याला मागे टाकलं. मार्च २०२५ मध्ये शनीचे आणखी १२८ जाहीर झाले आणि आकडा गेला २७४ वर. म्हणून असा प्रश्न विचारताना 'आजच्या तारखेला' हे दोन शब्द घालाच, आणि उत्तर त्याच दिवशी तपासा.

काही उत्तरं शिळी नसतात, ती मुळातच चुकीची असतात आणि तरी पाठ असतात. 'हिंदी ही राष्ट्रभाषा' हे त्यातलंच. घटनेच्या ३४३ व्या कलमात हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. राष्ट्रभाषा म्हणून घटनेने कुठलीच भाषा ठरवलेली नाही. चीनची भिंत अंतराळातून डोळ्यांना दिसते हेही तसंच. २००३ मध्ये चीनचाच पहिला अंतराळवीर यांग लिवेई वर जाऊन आला आणि आपल्याला ती दिसली नाही असं सांगून मोकळा झाला. एआयकडून पन्नास प्रश्न एका मिनिटात मिळतात, मीही घेतो. पण असल्या पाठ उत्तरांची लागण त्यालाही होते. त्यामुळे पन्नासातले दहा निवडून प्रत्येक उत्तर दोन ठिकाणी तपासल्याशिवाय मी आता पुढे पाठवत नाही.

टेलिग्रामच्या क्विझमध्ये उत्तराचं स्पष्टीकरण लिहायची जागा असते. ते नंतर बल्बच्या चिन्हावर दिसतं. तिथे एका ओळीत कारण आणि माहिती कुठून घेतली ते टाका. मी त्या रविवारी ती एक ओळ लिहायला बसलो असतो, तर हॉकीचं पितळ मलाच आधी कळलं असतं.

जाता जाता एक सावधगिरी. 'तुमची पहिली शाळा कोणती, लहानपणी काय नावाने हाक मारायचे, आईचं माहेरचं आडनाव काय' असे प्रश्न विचारणारी 'मजेशीर क्विझ' फिरत असते. पासवर्ड विसरल्यावर खात्री करून घ्यायला काही ठिकाणी हेच प्रश्न विचारतात. ते खेळू नका. जिंकल्यावर ओटीपी मागणारी लिंक आली तर ती उघडूही नका, थेट डिलीट.

आमची मैत्रीण आठवड्याभराने ग्रुपमध्ये परत आली. सध्या प्रश्न तीच काढते आणि माझ्याकडे फक्त गुण मोजायचं काम आहे. कळसूबाईचा प्रश्नही तिचाच. कळसूबाई १६४६ मीटर, एव्हरेस्ट सुमारे ८८४९. पाच रचल्या तर ८२३० होतात, म्हणून उत्तर सहा. मी 'पाच' लिहिलं होतं.