माउस, संगणकाचा : मूल्यमापन व निवड

संगणकाच्या पडद्यावरील कर्सर हलविण्यासाठी व पडद्यावरील घटक निवडण्यासाठी वापरावयाचे, सपाट पृष्ठभागावर हाताने सरकविले जाणारे आदान साधन म्हणजे माउस होय. लेखन, हिशेब, आरेखन व संगणकीय खेळ या सर्वांसाठी तो वापरला जातो. परंतु या उपयोगांच्या गरजा सारख्या नाहीत. त्यामुळे माउसाचे मूल्यमापन करताना त्याच्या वेष्टनावर छापलेल्या आकड्यांपेक्षा तो कोणत्या कामासाठी, किती वेळ व कोणत्या हाताने वापरावयाचा आहे, याचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो.

इतिहास : अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माउस तयार केला. लाकडी ठोकळ्याखाली परस्परांना काटकोनात बसविलेली दोन चाके व वर एक बटण अशी त्याची रचना होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले व १९७० साली त्याचे एकस्व मिळाले. जर्मनीतील टेलेफुंकेन कंपनीनेही १९६८ मध्येच गोळीवर चालणारे अशा प्रकारचे साधन स्वतंत्रपणे तयार केले होते.

माउसाचा स्वीकार तुलनात्मक चाचण्यांतून झाला, हे लक्षणीय आहे. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत इंग्लिश, एंगेलबार्ट व बर्मन यांनी माउसाची तुलना प्रकाशलेखणी, जॉयस्टिक व गुडघ्याने चालविण्याचे साधन इत्यादींशी केली. सरावलेल्या व्यक्तींच्या हाती माउस जलद व अचूक ठरला. नवख्यांना मात्र प्रकाशलेखणी व गुडघ्याचे साधन सोयीचे वाटले. साधनाची निवड केवळ वेग व अचूकता यांतील फरकावर अवलंबून ठेवता येत नाही. हात साधनापर्यंत किती सहज पोहोचतो आणि त्या बैठकीत किती थकवा येतो, या गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा निष्कर्ष आजही मूल्यमापनाचा पाया मानता येईल. पुढे १९७८ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील कार्ड, इंग्लिश व बर यांनी केलेल्या अभ्यासात माउसाने लक्ष्य गाठण्याचा वेग मानवी हाताच्या स्वाभाविक मर्यादेच्या जवळपास असल्याचे दिसून आले. १९८४ साली आलेल्या ॲपल मॅकिंटॉश संगणकामुळे माउस सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला.

रचना व कार्य : जुन्या माउसातील रबरी आवरणाची गोळी फिरताना आतील दोन रूळ फिरत व त्यावरून हालचाल मोजली जाई. गोळीला धूळ चिकटल्याने कर्सर अडखळत असे. १९९९ नंतर साध्या पृष्ठभागावर चालणारे प्रकाशीय माउस प्रचारात आले व गोळीचे माउस मागे पडले. प्रकाशीय माउसातील एलईडी दिवा किंवा लेसर खालील पृष्ठभाग उजळतो. लहानसा संवेदक त्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो चित्रे घेतो आणि लागोपाठच्या चित्रांतील खुणा किती सरकल्या यावरून अंतर व दिशा ठरविली जाते. अशा खुणा न मिळणाऱ्या काचेवर किंवा आरशावर साधा प्रकाशीय माउस नीट चालत नाही.

विभेदनक्षमता : माउस एक इंच (२·५४ सेंमी.) सरकविला असता तो संगणकाला जितके टप्पे कळवितो, त्या संख्येस व्यवहारात ‘डीपीआय’ म्हणतात. विक्रेते याच आकड्यावर अधिक भर देतात. तथापि त्याचा अर्थ तपासून पाहणे आवश्यक आहे. एका टप्प्यास एक चित्रबिंदू असे प्रमाण धरल्यास, ८०० डीपीआयचा माउस १,९२० चित्रबिंदू रुंदीचा पडदा २·४ इंच (सु. ६ सेंमी.) हालचालीत ओलांडतो. १६,००० डीपीआय ठेवल्यास हेच अंतर केवळ ३ मिमी. होते व एवढ्या सूक्ष्म हालचालीवर बोटांचा ताबा राहणे कठीण असते. म्हणजेच कमाल आकडा हा गुणवत्तेचा निदर्शक नव्हे. जलद झटक्यातही संवेदकाची मोजणी न चुकणे, संथ हालचालीत कर्सर न थरथरणे आणि समान अंतरास नेहमी समान टप्पे मिळणे, हे गुण त्याहून मोलाचे आहेत. संगणकाच्या प्रणालीतील प्रवेगाची सोय चालू असेल, तर हाताच्या वेगानुसार कर्सरचे अंतर बदलते. लेखनकामात ती उपयुक्त वाटली, तरी नेमबाजीच्या खेळांत हाताच्या सवयीत बाधा आणते; म्हणून खेळाडू ती बहुधा बंद ठेवतात.

विलंब : माउस आपली स्थिती संगणकाला ठराविक वारंवारतेने कळवितो. ती सेकंदाला १२५ वेळा असल्यास दोन निवेदनांत ८ मिलिसेकंदांचे अंतर पडते. १,००० वेळा असल्यास १ मिलिसेकंदाचे. सेकंदाला ६० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर दोन चित्रांमधील काळ सु. १६·७ मिलिसेकंद असतो. त्यामुळे दैनंदिन कामात १२५ चा दर पुरेसा असतो. जलद पडदा व चुरशीचा खेळ असेल तेथे १,००० चा दर उपयोगी पडतो; ८,००० च्या दराने होणारी आणखी बचत १ मिलिसेकंदापेक्षाही कमी असते. बिनतारी माउसांपैकी स्वतंत्र ग्राहक जोडून चालणारे चांगले माउस आता तारेच्या माउसांच्या तोडीचे आहेत; ब्लूटूथवर चालणारे माउस कार्यालयीन कामास सोयीचे, पण वेगवान खेळास सामान्यतः कमी योग्य असतात.

आकार, वजन व पकड : माउस धरण्याच्या तीन पद्धती प्रमुख आहेत : संपूर्ण तळवा टेकवून, बोटे वाकवून व केवळ बोटांच्या टोकांनी. पहिल्या पद्धतीस लांब व उंच पाठीचा, तर तिसरीस आखूड व हलका माउस मानवतो. नेमबाजीच्या खेळात अनेक खेळाडू कर्सरची गती कमी ठेवतात. पडद्यावरील दृष्टी पूर्ण वळविण्यासाठी त्यांना माउस ३० ते ५० सेंमी. सरकवावा लागतो व वारंवार उचलून मागे आणावा लागतो. म्हणून ६० ग्रॅ. किंवा त्याहून कमी वजन आणि उचलताच मोजणी थांबविणारा संवेदक या गोष्टी त्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात. लिहिण्याच्या किंवा हिशेबाच्या कामात वजनाला एवढे महत्त्व नसते. तेथे चांगले चक्र, मंद आवाजाची बटणे व दीर्घकाळ टिकणारी विद्युत् घटमाला हे गुण पाहावेत. उजव्या हातासाठी घडविलेला माउस डाव्या हाताने माउस वापरणाऱ्या व्यक्तींना गैरसोयीचा असतो. दोन्ही बाजू सारख्या असलेला माउस त्यांनी निवडावा.

बटणे व टिकाऊपणा : बटणाखालील लहान स्विचचे धातूचे स्पर्शक दाबताना क्षणभर कंप पावतात, तो कंप दुर्लक्षिण्याची योजना मंडलात असते. स्पर्शक झिजले किंवा गंजले म्हणजे कंप वाढतो आणि एकदा दाबलेले बटण दोनदा दाबल्याचे नोंदले जाते. खेळात यामुळे डाव हातचा जातो. कार्यालयात ओढत नेलेली फाइल मध्येच भलत्या कप्प्यात सुटते. प्रकाशाने कार्य करणाऱ्या स्विचमध्ये हा दोष येत नाही. माउस महाग असल्यास त्याचे स्विच व घटमाला बदलता येतात की नाही, हे विकत घेतानाच पाहणे हिताचे असते.

आरोग्य : दीर्घकाळ माउस वापरताना मनगट वर वाकलेले किंवा बाजूला वळलेले राहते आणि मनगटातील मध्यिका तंत्रिका जेथून जाते त्या मार्गातील दाब वाढतो, असे मोजमापांतून दिसून आले आहे. केवळ माउसामुळे तंत्रिका दबण्याचा विकार होतो, हे मात्र निर्विवाद सिद्ध झालेले नाही. तथापि हात, मनगट व खांदे दुखण्याच्या तक्रारी सामान्य आहेत. माउस कीफलकाच्या निकट व त्याच पातळीवर ठेवणे, मनगटाऐवजी कोपरापासून हात हलविणे आणि अधूनमधून विसावा घेणे यांनी ताण कमी होतो. उभ्या धाटणीच्या माउसात हात हस्तांदोलनाच्या स्थितीत राहतो व पुढील हाताची पिळवट घटते. मात्र बारकाईने लक्ष्य साधताना त्याने काहीशी गैरसोय होते. बोटांत मुंग्या येणे किंवा पकड सैल होणे ही लक्षणे टिकून राहिल्यास माउस बदलून थांबू नये, वैद्यकीय सल्ला घ्यावा.

चाचण्या : प्रयोगशाळेत आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकमालेतील पद्धतीने निरनिराळ्या अंतरांवरील व आकारांच्या लक्ष्यांवर कर्सर नेण्यास लागणारा वेळ व होणाऱ्या चुका मोजल्या जातात. त्यांवरून काढलेली माउसाची कार्यगती सामान्यतः सेकंदाला सु. ३·७ ते ४·९ बिट भरते. घरी काही सोप्या चाचण्या करता येतात. प्रवेग बंद करून व प्रणालीतील कर्सरची गती मूळ स्थितीत ठेवून माउस मोजपट्टीच्या कडेने ५ सेंमी. सरकवावा, ८०० डीपीआयला कर्सर सु. १,५७५ चित्रबिंदू सरकला पाहिजे. नंतर माउस झटक्याने एका बाजूस नेऊन संथपणे मूळ जागी आणावा. कर्सरही जवळपास पहिल्या ठिकाणी परतला पाहिजे. चित्र काढण्याच्या साधनाने तिरप्या रेषा सावकाश ओढून त्या दातेरी होतात का ते पाहावे. शेवटी नेहमीच्या मेजावर व नेहमीच्या खुर्चीत किमान तासभर काम करावे, कारण दुकानात क्षणभर हातात घेतलेल्या माउसावरून थकव्याची कल्पना येत नाही.

दोन्ही उपयोगांसाठी एकच माउस घ्यावयाचा असल्यास हाताच्या मापाचा, मध्यम वजनाचा, विश्वसनीय संवेदकाचा व सेकंदाला १,००० निवेदने करणारा माउस पुरेसा असतो. त्यापुढील आकड्यांसाठी मोजलेली किंमत हाताला क्वचितच जाणवते; चुकीच्या आकाराची किंमत मात्र हाताला रोज द्यावी लागते.