सर्पगंधा आणि निपचित पडलेले ससे

सर्पगंधा हे गुडघ्याएवढं झुडूप. कोकणात, सह्याद्रीच्या जंगलांत ते उगवतं. त्याच्या मुळीने भ्रमिष्ट माणूस शांत होतो, हे आपल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरचा तिचा गुण लिहून ठेवला. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकिलांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, तेव्हा कुठे पाश्चात्त्यांचं लक्ष गेलं. तीनच वर्षांत बाझेलच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पीन हे द्रव्य वेगळं काढलं.

पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते प्राण्यांनी शिकवलेलं. रेसर्पीन दिलेला उंदीर किंवा ससा झोपत नाही, जागाच असतो. फक्त हालचाल थांबते. अंग ताठरतं, पापण्या मिटू लागतात. 1955 मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की अशा प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन जवळपास संपलेलं असतं. मग त्याच्याच अभावी प्राणी थिजतो का? स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांना ते पटेना. 1957 मध्ये त्यांनी अशा प्राण्यांना सेरोटोनिन तयार करणारं द्रव्य दिलं. काही फरक पडला नाही. एल-डोपा दिलं, आणि निपचित पडलेले ससे थोड्याच वेळात हिंडू-फिरू लागले! पुढे कळलं, की त्यांना उठवणारं रसायन एल-डोपापासून मेंदूत तयार होणारं डोपामीन होतं. तोवर त्याला स्वतःचं काही काम असेल असं कुणी फारसं मानत नव्हतं.

मज्जातंतूच्या टोकाशी बारीक पिशव्या असतात, डोपामीन त्यांत साठतं. रेसर्पीन त्याचा पिशव्यांत शिरण्याचा मार्गच बंद करतं. कणगीचं तोंड बुजल्यावर बाहेर सांडलेलं धान्य किडीने फस्त व्हावं, तसं उघड्यावरचं डोपामीन नष्ट होतं. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत हेच रसायन कमी असतं, हे व्हिएन्नाच्या ओलेह होर्निकीविच यांनी 1960 मध्ये दाखवलं. एल-डोपा आजही त्या आजारावरचं मुख्य औषध आहे. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं.

घोड्यांना शांत ठेवण्यासाठीही रेसर्पीन वापरलं गेलं. त्याचा अंमल कित्येक दिवस उतरत नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय अश्वस्पर्धांत ते निषिद्ध आहे.

इतक्या ताकदीची मुळी कुणी सांगितलं म्हणून पाण्यातून घेऊ नये. नाडी मंदावते, मन खचतं. उदासीचा त्रास असलेल्याने तर तिच्या वाटेलाही जाऊ नये. दुसरं एक कळकळीचं सांगणं. मुळी खणली की झाड जातं आणि रानातली सर्पगंधा त्यामुळेच विरळ होत चालली आहे. कोकणात ज्यांची थोडी सावलीची जागा असेल, त्यांनी रोपवाटिकेतून रोप आणून लावावं. रानातलं उपटू नये.